रस्त्यालगतची कमान

आबा, तुमच्या नावाची कमान पाडायचा ठराव मी मांडला. तुमच्या सुनेनं, सरपंच म्हणून, भर ग्रामसभेत. तुम्ही असता तर आधी तुमच्याशी बोलले असते, आणि तुम्ही असता तर कमानच नसती, म्हणजे तेही बोलणं खुंटलंच.

तुम्ही गेल्यावर ती बांधली. कालव्याच्या भरावावरची पायवाट शिरूरच्या रस्त्याला येऊन मिळते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते, तिथंच. आत वेशीजवळ कशाला, रस्त्यालाच हवी, केडगावकडे जाणाऱ्या गाड्यांनी आबांचं नाव वाचलं पाहिजे, असं सगळं गाव म्हणालं. ग्रॅनाइट लावून खांब कपाटाएवढे रुंद झाले. शिवाय कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स खांबाला टेकलेला असतोच. सकाळी त्या वाटेनं हायस्कूलच्या मुली सायकलवर जातात, शेवंती तोडायला बायका जातात, शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलेली मंडळी जातात. रस्त्यावर कंटेनर आणि उसाचे ट्रॅक्टर. माणूस खांबाआडून बाहेर पडतो तो थेट डांबरावर, आणि गाडीवाल्याला तो तोवर दिसलेलाच नसतो.

खालच्या मळ्यातल्या मावशींना पिकअपनं उडवलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर फुलांची पाटी होती. मांडीचं हाड मोडलं. दौंडला दवाखान्यात भेटायला गेले तर त्याच मला समजावतात, ‘त्या पोराला कशाला बोल लावायचा बाई? त्याला म्या दिसलेच न्हाई. आबांच्या खांबाआडनं निघाले ना.’ टोमणा नव्हता हो त्यात, म्हणून तर जास्त लागलं. रस्ते खात्याच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी पाहणी केली आणि म्हणाले, पट्टे मारू, दिवा लावू, गाड्या हळू होतील असं करू, पण हे खांब उभे असतील तर सगळं वाया आहे, मॅडम. खांब गावानं काढायचे.

घरी सांगितलं. तुमचे चिरंजीव जेवत होते. ‘खांबावर आरसा लावा, गतिरोधक करा, काय पायजे ते करा. आबांचं नाव पाडायचं न्हाई,’ एवढं बोलून ते ताटावरून उठले. त्यानंतर आमच्या घरात बोलणं म्हणजे चहा ठेवू का, आणि मोटर चालू केली का. तुमच्या मागं या माणसानं ती कमान दारोदार हिंडून उभी केली, हे मला ठाऊक आहे. पण रोज सकाळी मुली शाळेला निघाल्या की माझा जीव टांगणीला लागायचा. फोन वाजला की वाटायचं, झालं. त्यात विरोधी पॅनेलचे पुढारी भर चौकात गोड हसून म्हणाले, ‘वहिनी, या कामाला आमचा पाठिंबा हाय बरं का.’ तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना मुलींशी काही घेणं नव्हतं, तुमचं नाव खाली आलेलं बघायचं होतं.

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवत राहिलं. मी नवी सून आहे, तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून चहा पिताय, ओसरीवर पाण्यावरून गावकऱ्यांचा वाद चाललाय. मी आतूनच, दाराआडून, ओसरीवरच्यांना काहीतरी सुचवते. तुम्ही कप खाली ठेवता. ‘दाराआडनं बोलायचं न्हाई. खरं वाटत आसंल तर म्होरं येऊन बोल, न्हाईतर भाकरी थाप.’ मला इतका राग आला होता की ती भाकरी करपली. आजही आठवलं की थोडा येतोच.

ग्रामसभेला देवळापुढचा मंडप भरला होता. हे नेहमी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतात, त्या दिवशी पार मागं, खांद्यावर टॉवेल टाकून उभे राहिले. मी विषय वाचला. कुणी म्हणेल, आबांनी या गावाला पाणी आणलं, त्यांचे असे पांग फेडता का? त्यावर काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. कुणी म्हणेल, सून आहे का वैरीण? त्याचंही उत्तर तयार होतं. ग्रामसेवक म्हणाले, हरकत असेल तर सांगा.

हरकत एकही आली नाही, म्हणून त्यांनी ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. तुमच्याबरोबर जन्म काढलेल्या आप्पांनी सगळ्यात आधी हात वर केला. मग बायकांनी, मग सगळ्यांनी. ठराव मंजूर. एवढं सोपं होतं, आबा? मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं. कुणीतरी एकानं तरी भांडायला हवं होतं तुमच्यासाठी.

मागं बघितलं, तर हे हाताची घडी घालून उभे होते. मंडपात तेवढा एकच हात वर गेला नव्हता. कमान आता उतरली, पट्टे मारून झाले, आमचं बोलणं अजून चहापुरतंच आहे. तो हात वर गेला नाही याचं मला किती बरं वाटलं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण हे कुठंच पोचणार नाही.