अ‍ॅग्नेसचं लग्न, दोनदा

३ मार्च, सोमवार. वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया

निषेध! कॉकाटू पोपटांनी आज पुन्हा व्हरांड्याचा लाकडी कठडा कुरतडला. पांढरं सोवळं, पिवळी शेंडी — दिसायला वेदशास्त्रसंपन्न, वृत्तीने दरोडेखोर. बायको म्हणते, "कौन्सिलला संस्कृतात तक्रार कर. तुझ्या पदवीला दुसरं काय काम आहे?"

आहे, चारुताबाई! बारा वर्षं आपण अ‍ॅग्नेस थॉर्नबीचं चरित्र मराठीत लिहीत आहात. आपलं ते कोंबडीपायी अक्षर टाइप कोण करतं?

७ मार्च

अ‍ॅग्नेस मला आवडू लागली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, इंग्लंडच्या गिरणीगावातली. पहिल्या कविता भावाच्या नावावर छापल्या — सत्कारही त्यानेच घेतला! चौतिसाव्या वर्षी पाद्र्याशी लग्न. मग अकरा वर्षं एक ओळ नाही. इथे पाचवं प्रकरण संपतं. सहाव्यात पुन्हा लिहिते, एकाच संग्रहाने नाव होतं.

११ मार्च

सातवं उघडलं. त्यात अ‍ॅग्नेसचं लग्न! तोच पाद्री, तोच बहिणीचा उसना झगा. वाक्यं मात्र सगळी नवी.

म्हटलं, "अगं, हिला किती वेळा उजवणार?"

"एकदाच! परवा तर लावलं."

हसली. मीही हसलो.

१२ मार्च

पाचवं तिने गेल्या ऑगस्टमध्ये लिहिलं. तिला ते आठवतच नाही.

१४ मार्च

क्षितिजा टूवूंबाच्या हॉस्पिटलात नर्स आहे, म्हणून लेकीलाच फोन केला. "बाबा, नो जोक्स. आईला सांग. आपल्या जीपी डॉक्टरांकडे ने."

मंगळवारची वेळ मिळाली. चारुताला सांगितलं, माझं बी.पी. दाखवायचंय.

"तरी म्हणत होते, मीठ कमी खा!"

१७ मार्च

आज पाचवं प्रकरण छापून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, वाचून तिचं तिलाच कळेल. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"हे तू लिहिलंस? बरं लिहितोस की रे! ती अकरा वर्षं मला नसती अशी जमली."

मी "थँक्यू" म्हणालो.

मला भीती वाटते. पुस्तक राहिलं तर राहो. उद्या डॉक्टर विचारतील, ती माझ्याकडे बघेल, आणि मला तिच्यादेखत खरं सांगावं लागेल.