आप्पा गेले दवाखान्यात

२ फेब्रु., सोम.

शाळेतून आले तर पाठ मोडलेली. आठवीच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडलाय. मुलं उत्तरपत्रिकेतही फोनवर लिहितात तसंच लिहायला लागलीत.

घरच्या ग्रुपवर धाकट्या दिराचा, विनोदचा, मेसेज: 'हळदिला सगळ्यानी याव'. खाली दुरुस्तीचा तारा टाकून नीट लिहिलं, 'हळदीला सगळ्यांनी यावं'. त्याचं लगेच उत्तर, "वहिनी, हा ग्रुप हाय, वर्ग न्हाय." पाठोपाठ हसणारे चेहरे. ह्यांनीही एक टाकला! वर मला म्हणाले, "सोड ना गं. कळलं ना काय ते?"

कळलं. कळतंच. सोडलं. भांडायला अंगात जीव तर हवा.

३ फेब्रु., मंगळ.

सकाळी आमचे सासरे, आप्पा, दारच्या ओट्यावर बसले होते, छातीला हात लावून. घामाने बनियन भिजलेली. ह्यांनी आणि विनोदने रिक्षात घातलं. मी घर बंद करून दुसऱ्या रिक्षाने मागोमाग.

कामतघरच्या नाक्यावर ट्रक आडवा, रिक्षा हलेना. फोन उघडला. विनोदने ग्रुपवर लिहिलं होतं:

'आप्पा गेले दवाखान्यात दादा सोबत आहे'

खाली रांग लागलेली. भावपुर्ण श्रधांजली. भावपुर्न श्रद्धांजली. हात जोडलेले, फुलं, दिवे.

मी परत वाचलं. आप्पा गेले. दवाखान्यात दादा सोबत आहे. इतकी वर्षं मराठी शिकवते, पण दुसरं काही वाचताच येईना. रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ मॅडम?" ह्यांना फोन लावला.

"अगं, ठीक आहेत. चहा मागतायत."

रिक्षातच रडले. मग हसू आलं, मग राग.

तोच दिवस, संध्याकाळ

विनोदने मेसेज उडवला, नवा टाकला. तोवर माणसं निघालेली. दुपारी वॉर्डाच्या दारात नामाकाका उभे. आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. आप्पांनी त्यांना न विचारता पूर्णा गावचं शेत गोदामाला दिलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. ग्रुपवर आहेत, पण एक अक्षर कधी लिहीत नाहीत. आमच्या लग्नकार्यात नाहीत, दुखण्यात नाहीत. आज पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीतून झेंडूचा हार डोकावतोय.

आप्पांनी डोळे उघडले.

"नामा? तू कवा आलास?"

काका पुढे आले. "तू गेलास बोलले सगले."

"कुठं गेलू? हितंच हाय. पिशवीत काय?"

काकांनी पिशवी पाठीमागे घेतली. "काय न्हाय."

मी खिडकीकडे बघत राहिले. काका स्टूल ओढून बसले. यंदा भात कसा पिकला, गुडघे कसे आहेत, एवढंच बोलणं. एकदा काकांनी आप्पांचं पांघरूण पायावर सारखं केलं. निघताना चहा विचारला तर "नको" म्हणाले. आमच्याकडचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आप्पा दाराकडे बघत पडून होते.

५ फेब्रु., गुरु.

काल काका आले नाहीत. आजही नाही.

विनोद जेवला नाही. स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "वहिनी, आप्पांना जितेपणी मारलं ना मी? धावपळीत लिहिलं मी. टिंब कुठं द्यायचं सुचतं का तेव्हा?"

म्हटलं, "नाही सुचत." खरंच तर आहे. ताट वाढून दिलं.

पेपर तपासायला बसले. पूर्णविराम नसलेल्या वाक्यांवर लाल पेन थांबत होतं. विनोदने तो दिला असता तर काका आले नसते. आप्पा नुसते आजारी म्हटल्यावर ते उठून येणारे नव्हेत. हे कुठल्या पोरांना शिकवू? आणि त्या रिक्षात माझं जे झालं, तेही खरंच. दोन्हींचा मेळ बसेना. गठ्ठा बाजूला सारला.

७ फेब्रु., शनि.

डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, आजच ठरवा. ह्यांनी होकार दिला. आप्पा मात्र अडून बसलेत. "नामाला इचारल्याबिगर न्हाय." ह्यांनी फोन केला, काकांनी उचलला नाही. विनोद गाडी घेऊन पूर्ण्याला जायला निघाला, तर आप्पांनी त्यालाही अडवलं. "वढून आनायचा न्हाय त्याला. सुनबाय, तू लिव."

लिहिलं: 'काका, आप्पांच्या शस्त्रक्रियेबाबत तुमच्याशी बोलायचं आहे. कृपया दवाखान्यात यावे.' वाचून दाखवलं.

आप्पांनी मान हलवली. "ह्यो सरकारी कागद झाला. त्याला वाटंल, वकिलानं लिवलाय. मी सांगतू तसा लिव. नामा मना भ्या वाटतंय तू ये."

जसं बोलले तसंच लिहिलं, पाठवलं.

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. काकांच्या नावाखाली 'टायपिंग' उमटलं. गेलं. बऱ्याच वेळाने पुन्हा उमटलं.

"काय लिवलंय?" आप्पा विचारतायत.

"लिहितायत, आप्पा."