मेणकापडात गुंडाळलेले स्वच्छ आभाळ

नंदुरबार, माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप चुनीलालमामांस निर्मलाचा वाकून नमस्कार.

मामा, अक्षर न् अक्षर खरी असलेली माहिती फुकट कशी जाते, असे कोणी विचारले तर काय सांगावे? दोन दिवस मी विचार करते आहे. घरात दुसऱ्या कोणाला विचारायचीही सोय नाही, कारण या घरातली पहिली पदवीधर मीच, आणि असले प्रश्न सगळे माझ्याकडेच पाठवतात. तुमची कंबर कशी आहे? मामींना चिंचपाड्याची हवा मानवते ना? आम्ही सगळे खुशाल आहोत. आमची मिरचीही खुशाल आहे. हे पत्र तिच्याविषयीच आहे.

आबा मंगळवारी लोणखेड्याला खरेदीला गेले. जाताना म्हणाले की परत येईपर्यंत मिरची वाळवायचे मैदान, म्हणजे आपली पथारी, तुझ्या हवाली. वाळत घातलेली मिरची काळी पडली, तर धुळ्याच्या मुलींच्या शाळेतली नोकरी निमूटपणे धरायची आणि धंद्यातल्या सुधारणा तिथल्या मुलींना शिकवायच्या. (ती नोकरी वाईट नाही. पण मला आपल्याच गावचा धंदा ऐकीव गप्पांवरून उठवून पक्क्या माहितीवर बसवायचा आहे, हे तुम्ही जाणता.) म्हणून तर, पाऊस आधी तुमच्याकडे पडून मग इकडे येतो हे धरून, मी तुमच्याकडे ते सतरा रकान्यांचे रोजचे पत्रक पाठवले होते. वारा, दव, आभाळ सकाळचे, आभाळ संध्याकाळचे, नवापूरकडे गेलेल्या गाड्या, पाखरांची दिशा. एकही रकाना रिकामा ठेवू नये, अशी तळटीपही मीच घातली होती. तुम्ही ती इतक्या निष्ठेने पाळलीत की मला भरून येते.

बुधवारी दुपारी बाराच्या गाडीला मी स्टेशनवर गेले. एकटीने जायचे नाही असा आईचा हुकूम, म्हणून पथारीवरच्या बायकांची मुकादम गजराबाई बरोबर होती. गार्डाने तुमचे पाकीट दिले. वर मेणकापड, त्यावर सुतळी, सुतळीला दोन गाठी. मी मनात म्हटले, काय ही काळजी! उघडून वाचले, तर चौथ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात, ‘आभाळ स्वच्छ. ढग नाही.’ मी तिथेच उभी राहून गजराबाईला पक्क्या माहितीचे महत्त्व समजावू लागले (ती ऐकत नव्हती, हे आता लक्षात येते), आणि ‘स्वच्छ’ या शब्दावर वरून एक थेंब पडला. मग दुसरा. शाई पसरली. मी कागद बाजूला धरला आणि उरलेले रकाने वाचू लागले.

गजराबाई मात्र गाडीकडे बघत होती. “ताई,” ती म्हणाली, “तू कागद वाची ऱ्हायनी, न् गाडी वल्ली शे ना!”

मामा, डब्यांच्या छपरांवरून पाणी गळत होते. मी गार्डाला विचारले. तो म्हणाला, चिंचपाड्याला सकाळी धो धो पाऊस होता. तुम्ही छत्री धरून भिजत आलात आणि पाकीट ओले होऊ देऊ नका म्हणून तीनदा बजावून गेलात. तुम्ही भर पावसात उभे राहून मला स्वच्छ आभाळ पाठवलेत! तुमची चूक नाही. कागदावर मंगळवार होता आणि मंगळवारी आभाळ स्वच्छच होते. बुधवारी सकाळी पाऊस पडला तर तो कुठे लिहावा, याला माझ्या सतरा रकान्यांत जागाच नव्हती.

पुढचे थोडक्यात. टांगा मिळेना, आम्ही धावलो. माझी चप्पल फाटकापाशी राहिली. तीस बायकांनी ऐंशी मण मिरची ओढून ढिगारे केले, वर ताडपत्र्या घातल्या, त्यांवर दगड. मी शिंकत होते आणि दगड चुकीच्या जागी ठेवत होते. गजराबाई म्हणाली, “ताई, तू फक्त शिंक, दगड आम्ही ठेवतस.” शेवटची ताडपत्री पडली आणि पाऊण तासात पाऊस आला. मी शेडमध्ये उभी राहून तो बघितला. इतके हलके वाटले की रडू आले (किंवा मिरची असेल).

आबा रात्री चिंब होऊन आले, ढिगाऱ्यात हात घालून मिरची कोरडी बघितली आणि म्हणाले, “चुनीलालना कागद कामे उना!” खरे न सांगता मी त्यांना कोरडा पंचा दिला. त्यांनी छापखान्यात पाचशे पत्रके सांगायचे ठरवले आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
निर्मला

ता. क. खरी विनंती अशी की, उद्यापासून पत्रक भरू नका. गाडी सुटताना डोळ्यांना जे दिसेल ते एका ओळीत लिहा. मी विचारलेले नसले तरी लिहा.

पुन्हा ता. क. वरचे लिहून पाकीट बंद केले, पण झोप येईना, म्हणून सकाळी आबांना सगळे खरे सांगून टाकले. ते म्हणाले, “मिरची तर कोरडी शे ना? मंग. मन्ही पोर पयनी, हाई बरं झायं.” (मी धावले, एवढेच त्यांना पुरले.) पाचशे पत्रके रद्द. उरलेल्या कोऱ्या पत्रकांत गजराबाई तंबाखू बांधते. धुळ्याच्या शाळेला नकाराचे पत्र मी आज सकाळच्या टपालात टाकले. एकाच ओळीचे होते.