बंद म्हणजे जोडलेलं

नांदेड,
१४ जानेवारी २०२५

ती. गुरुबसप्पा अण्णांस,

शिवकांताचा साष्टांग नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. अक्षर वाकडंतिकडं आहे, चालवून घ्या. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक.

कॉलेजची पोरं यंदाही रोबोट घेऊन स्पर्धेला निघालीत आणि मी त्यांच्यामागे. मागच्या वर्षी भर सामन्यात रोबोट चालवणाऱ्या आमच्या नाजूक बोर्डाने एका धक्क्यात मान टाकली. म्हणून यंदा मी हट्ट धरला, की तुम्ही डाळमिलच्या पॅनलमध्ये बसवता तसला पीएलसी कंट्रोलरच घ्यायचा, धूळ आणि हादरे सोसणारा. टीमचा कॅप्टन मिहिर कुरकुरला, "मॅडम, रोबोट हाय का डाळमिल? एवढं वजन कशाला?" महिनाभर हाच वाद. शेवटी घेतला, पण आनंद मानायचं त्राण उरलं नव्हतं.

रोबोट थांबवायचं लाल बटण मिहिरने जोडलं. पुस्तकात 'नॉर्मली क्लोज्ड' वाचून तो म्हणाला, "क्लोज्ड म्हंजे बंद. बंदमधून करंट कसा जाईल?" आणि त्याने उलटी जोडणी केली. तपासताना बटण चाललं, म्हणून कुणी आत पाहिलं नाही. शनिवारी सरावात हादऱ्याने वायर निसटली. बटण दाबलं तर रोबोट थांबेना. क्लोज्ड जोडणीत करंट सतत वाहतो; ती असती तर वायर निसटताच करंट तुटून तो जागेवर उभा राहिला असता.

पोरांपैकी कुणाला लागलं नाही.

मला लागलं. त्याला अडवताना उजव्या हाताची दोन बोटं मोडलीत, प्लास्टर आहे. हे डाव्या हाताने लिहितेय. वेणी घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही. शेजारच्या महादेवीबाई डबा देतात.

हे तुम्हाला कळवायचंच नव्हतं. आमचे हे गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, "नोकरी सोड, लातूरला ये. एकटीला काही झालं तर कोन हाय तिथं?" मी आले नाही आणि आपलं बोलणं बंद झालं. आता म्हणाल, माझंच खरं झालं. म्हणा. नोकरी मी सोडणार नाही. पण अण्णा, फार दमलेय, आणि तुमची आठवण येते.

प्राचार्य म्हणतात, पीएलसी काढा, जुना बोर्ड लावा. मला ते नको. बटण कसं जोडायचं ते पोरांना तुमच्या तोंडून ऐकू दे. शाळेत असताना तुमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मीही हेच चुकले होते. तुम्ही हसून म्हणाला होतात, "बंद म्हंजे तुटलं न्हाई, येडे. बंद म्हंजे जोडलेलं. करंट तिथूनच जातो."

तुम्ही सगळ्यांना सांगता, शिवकांताशी बोलणं बंद हाय. रविवारी या, आणि हे कोणतं बंद, तुटलेलं की जोडलेलं, ते मला सांगून जा.

तुमची येडी,
शिवकांता