पायाचं तूप, पोटातलं तूप

सानपाडा, गुरुवार संध्याकाळ, १९९७

मी बोलतेय, नात वैशाली लिहितेय. बोलते तसंच लिही गं, सुधारत बसू नकोस.

आज सून मंगल मला तुर्भ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजव्या डोळ्याला मधोमध धूर दिसतो. समोरच्याचे कान दिसतात, नाक नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तात कोलेस्टेरॉल फार आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघतात, दुसऱ्या त्यांना आधार देतात, खाऊ घालतात, घाण काढतात. चरबी त्यांनाही लागते, पण जास्त साचली की त्या थकतात. मग बघणाऱ्या उपाशी.

"म्हणजे त्या राबणाऱ्या पेशी सुनाच की," मी म्हटलं. डॉक्टर हसले, मंगल नाही.

मंगल रोज काशाच्या वाटीनं माझ्या तळपायाला तूप घासते, डोळ्यांना थंडावा म्हणून. बाहेरून लावलेलं इतकं गुणाचं, तर आतून किती, म्हणून मी भाकरीवरही ओतून घ्यायची. डॉक्टरांना तेही विचारलं.

"पायाला खुशाल लावा, आजी. पोटात नको."

वाटीचं काही चुकलं नव्हतं तर!

रिक्षात मंगल रडायला लागली. "मीच वाढत होते हो, आत्याबाई."

"डोळा माझा गेलाय, तू तुझे का पुसतेस?"

गेलेलं परत येणार नाही, डावा जपायचा. घाबरले का मी? थोडी. डाव्याला तू अजून नाकासकट दिसतेस, वैशे. तेवढ्यासाठी कोरडी भाकरी खाईन. कुरकुर मात्र रोज करीन.