छकुलीनं खोललेला पंप

सौरभ,
तुझ्या लेकीला घेऊन मी बारामतीला चाललीया, लहान मुलांच्या म्युझियमला. ते आता स्टँडजवळ नव्या इमारतीत आलंय, मला चालत जमंल. तितं पोरांनी वस्तू हातात घेऊन, खोलूनच बघायच्या असत्यात.

फवारणीचा पंप खोलला म्हणून परवा तू छकुलीच्या हातावर फटका मारलास. तवापासनं पोर कशाला शिवत न्हाय, हात पाठीमागं धरून बसती. मला बघवत न्हाय. फोन करून अडवू नगंस, सांजच्या एस्टीशिवाय आमी येणार न्हाय.

भाकरी दुरडीत हाय.

सकाळी मी पंपात पाणी भरून बघितलं. महिनाभर गळत होता, आता थेंबभर गळत न्हाय. तू मारलंस तवा पोरीनं तो नीट करून ठिवला होता.

आई