चांदीची धाव

बा, गेल्या महिन्यात अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत एक गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणू नये खरं तर. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप होता तो. पण त्याचं मागणं ऐकलं आणि मला अमरावतीचं आपलं बैलबंड्या दुरुस्त करायचं अंगणच आठवलं. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो म्हणाला, "बाई, पोरीले वाचायले शिकवा. लिहायले नोका शिकवू. शिकवान तं उद्यापासून थे येनार नाही." मुलगी आठ वर्षांची, वर्गात सगळ्यांत चलाख. बापामागे उभी राहून ती माझ्याकडे पाहत होती. पुण्याहून शिक्षिकेची परीक्षा पास होऊन आलेली मी, आपल्या घरातली पहिली शिकलेली; स्त्रियांच्या विद्येवर केवढी तरी वाक्यं माझ्या तोंडाशी तयार होती. ती गिळून मी त्याला म्हणाले, "परवा या, सांगते." कारण तू माणसांना असंच परवा यायला सांगायचास.

अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा मी लहान; मला एवढंच कळे की बंड्यांची रांग आपल्या अंगणापासून नाल्यापर्यंत लागते. आगगाडीचे रूळ अजून पडायचे होते. सगळा कापूस बैलांच्या जिवावर जायचा, आणि रस्ते तर तुला माहीतच आहेत. कुणाच्या बंडीचा कणा, म्हणजे आस, वाकलेला, कुणाचे आरे निखळलेले, आणि धावा तर रोज सैल व्हायच्या. चाकावरची ती लोखंडी पट्टी गोवऱ्यांच्या आगीत लाल होते, तू आणि काका ती चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवता, आणि मी आईबरोबर घागरीनं पाणी ओतते. वाफेत तुम्ही दोघं दिसेनासे होता. लोखंड आकसतं आणि चाकाचे सगळे सांधे आवळले जातात. तो करकचण्याचा आवाज मला अजून आवडतो.

गिऱ्हाइकं मात्र एकेक होती. एकानं सांगितलं, "मिस्तरी, सारं करा, पन कणा वंगणू नोका."

"काहून भाऊ?"

"करकर ऐकू आली का बायको भाकर टाकते. तुमी वंगण लावान आन मी घरी जाऊन उपाशी बसन."

काका तोंडावर पंचा धरून भट्टीमागे गेला. तू मात्र गंभीरपणे विचार केलास. "मंग एकच बाजू वंगणतो. एक चाक बोलन, एक चूप राहीन." तो खूश होऊन गेला. दुसऱ्या एकाला ज्योतिषानं मुहूर्त दिला होता, म्हणून तो भरल्या बंडीवरून उतरायलाच तयार नव्हता. खाली चाक बदला म्हणाला. तू त्यालाही रागावला नाहीस. कापसाच्या गठ्ठ्यांवर बसल्या जागी त्याला पाणी दिलंस, इकडचं तिकडचं बोलत राहिलास, आणि मुहूर्त टळल्यावर तो आपणच खाली आला.

मग वलगावकडचा तो पाटील आला. नवी दमणी होती, माणसांनी बसायची हलकी गाडी, वरातीसाठी घेतलेली. त्यानं फडक्यात बांधलेली चांदी तुझ्यासमोर सोडली. "लोखंडाची धाव काढा. चांदीची बसवा. पोराचं लगन हाये." कुठल्याशा गावात कुणी तरी तशी बसवली, अशी आवई तेव्हा उठली होती. खरं-खोटं कोण पाहायला गेलं होतं? हाती आलेल्या पैशाचं काय करावं हे लोकांना समजत नव्हतं.

काका म्हणाला, "पाटील, चांदी नरम राह्यते. नाल्याच्या गोट्यात धाव निघन आन दमणी उलटन."

"पैसा माहा, दमणी माही. जमत नसन तं दुसरा मिस्तरी पाहातो."

दुसरा मिस्तरी होताच, चार घरं सोडून. त्यानं मुकाट्यानं बसवून दिली असती. तू चांदी हातात घेऊन पाहिलीस. "काहून नाही जमणार? बसा पाटील. कोन बसनार हाये दमणीत?"

"नवरा-नवरी."

"आन पाहानारे कुठं उभे राहानार?"

पाटलाला हा प्रश्न समजला नाही. तू पुन्हा विचारलास. तो म्हणाला, दोन्ही बाजूंनी उभे राहतील, व्याह्यांचं सगळं गाव. मग चाकाच्या आऱ्यावरून हात फिरवत तो हळू आवाजात म्हणाला, "त्या गावात माहा बाप दुसऱ्याची बंडी हाकलत होता, मिस्तरी. त्यायले दिसलं पायजे."

"मंग खाली काहून बसवता? धाव मातीत राह्यते. चिखल लागला का तुमची चांदी कोन पाहीन? वर बसवू, लोकायच्या डोळ्यासमोर."

लोखंडाची धाव तू नव्यानं, घट्ट आवळून दिलीस. चांदीचा पत्रा चढवलास चाकांच्या मधल्या तुंब्यांवर आणि जुवाच्या दोन्ही टोकांवर. दमणी न्यायला पाटील आला तेव्हा तिच्याभोवती फिरला, तुंब्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्यानं वाकून पागोटं सारखं केलं. नवरी सुखरूप घरी आली, हे त्यांच्याच गड्यानं सांगितलं. दमणी उलटली असती हे तू पाटलाला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तू म्हणालास, "काकानं सांगतलं ना. आयकलं त्यानं? थो येडा नव्हता, पोरी. त्याले काय पायजे होतं, थे त्याच्या तोंडून यायले येळ लागला."

तर त्या मुलीचा बाप सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आला. मी त्याला बसायला सतरंजी दिली आणि विचारलं, "लिहायला काहून नको?"

"लिहिता आलं का सासरहून चिठ्ठ्या धाडीन. सासरचे म्हनतीन, घरच्या गोष्टी बाहेर काढते. माह्याच पोरीले तरास होईन."

भीती खोटी नव्हती. मी विचारलं, "मोठी मुलगी कुठं दिली?"

"पातुरले."

"कशी आहे?"

तो धोतराची किनार चिमटीत धरून बसला. "मालूम नाही, बाई. दिवाळीले आली नाही. ज्याले इचारा थो म्हनते, बरी हाये."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, ते मी पुन्हा गिळलं. हे मला कसं जमलं, कुणास ठाऊक. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते. मग त्यानंच विचारलं, "मोठीले वाचता येते. याच शाळेत बसत होती. हे लहानी लिहीन का तिले?"

"लिहील. चार-सहा महिन्यांत लिहील."

"मंग शिकवा. पन बहिनीले लिहिन्यापुरतंच. जास्त नोका शिकवू."

"बहिणीला लिहिण्यापुरतंच," मी म्हणाले.

मुलगी रोज येते आहे. आज तिनं पाटीवर बहिणीचं नाव काढलं, मोडकंतोडकं, आणि पुसायला तयार होईना. पाटी तशीच घरी घेऊन गेली. बापाला दाखवणार म्हणाली.

बा, तू असतास तरी हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तू मध्येच त्याला थांबवून बैलांना पाणी दाखवायला गेला असतास. आता कुणाच्या हाती द्यायचं? माझ्याजवळच राहू दे. एवढंच सांगते की बहिणीला लिहिण्यापुरती अशी वेगळी बाराखडी नसते, हे मी त्या माणसाला अजून सांगितलेलं नाही.